पाढा विसरल्यावर

(हीरकमहोत्सवी वर्षानिमित्त हैदराबाद येथे भरलेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



हीरकमहोत्सवाच्या व्यासपीठावरून शाळेच्या साठ वर्षांचा आढावा घेतला जावा, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. तो आढावा इतर वक्ते घेणार आहेत. या व्याख्यानाचा विषय त्यामानाने फार लहान आहे. तिसरी-चौथीच्या मुलांना गुणाकार शिकवताना भेटणारा एक नियम, एवढाच तो विषय. पुस्तकात त्याचे नाव ‘गुणाकाराचा बेरजेवरील वितरण गुणधर्म’ असे छापलेले असते. नाव जड आहे, आशय हलका आहे. एखाद्या संख्येने संपूर्ण बेरजेला गुणले काय, किंवा त्या बेरजेतील प्रत्येक संख्येला वेगवेगळे गुणून ते गुणाकार मिळवले काय, उत्तर एकच येते. सभागृहातील प्रत्येकजण हा नियम रोज वापरतो. फार थोड्यांना त्याचे नाव आठवत असेल, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

मग साठ वर्षांच्या सोहळ्यात हा विषय कशासाठी? त्याचे कारण प्राथमिक वर्गांच्या पालकसभेत सापडते. तेथे वर्षानुवर्षे एक तक्रार ऐकू येते: मुलाचे पाढे पाठ होत नाहीत. मूल सातचा पाढा म्हणू लागते. सात पंचे पस्तीस, सात सक बेचाळीस, सात साती एकोणपन्नास इथपर्यंत गाडी सुरळीत येते आणि आठीला थांबते. त्या क्षणी मुलापुढे दोनच वाटा असतात. आठवले तर उत्तर, न आठवले तर मौन. मौन लांबले की घरातील आवाज चढतो. “कालच पाठ केला होतास ना?” हा प्रश्न दोन-चार संध्याकाळी ऐकल्यावर आठ-नऊ वर्षांचे मूल स्वतःपुरता एक निष्कर्ष काढते, की गणित हा आपला प्रांत नव्हे. पाढा पुढे कधीतरी पाठ होतो. तो निष्कर्ष मात्र पुसला जात नाही. दहावीला गणिताच्या पेपराच्या आदल्या रात्री रडणाऱ्या मुलांपैकी अनेकांनी तो तिसरी-चौथीतच काढलेला असतो.

वितरणाचा नियम या मुलासाठी तिसरी वाट उघडतो. सात आठी विसरले, पण आठ म्हणजे पाच आणि तीन हे तर ठाऊक आहे. सात पंचे पस्तीस, सात त्रिक एकवीस. पस्तीस आणि एकवीस छप्पन्न. हव्या त्या उत्तराकडे जाण्याचा रस्ता मुलाने स्वतः तयार केला. अथवा सात साती एकोणपन्नास आठवत असेल, तर त्यात आणखी एक सात मिळवायचा. पुन्हा छप्पन्नच. विसरणे हा अपराध राहत नाही, ती एक अडचण ठरते, आणि अडचणीतून वाट काढता येते. गणिताचे पहिले शिक्षण हेच आहे.

पाठांतराला येथे कमी लेखलेले नाही, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे. सात पंचे आणि सात त्रिक पाठ नसते, तर वरची वाट निघालीच नसती. पाढे पाठ असावेत. मात्र पाठांतर तुटते तेथे आकलनाचा आधार हवा, आणि तो आधार ज्या वयात द्यावा लागतो ते वय तिसरी-चौथीचे आहे.

हा नियम मुलांना प्रथम भेटतो तो वस्तूंच्या रूपात, चिन्हांच्या रूपात नव्हे. शहरातून गावाकडे जाणाऱ्या साध्या बसचे उदाहरण घ्यावे. पुष्कळ बसमध्ये मधल्या वाटेच्या एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला तीन आसने असतात. अशा नऊ ओळी असतील, तर आसने किती? काही मुले एका ओळीत पाच धरून नवा पाचे पंचेचाळीस म्हणतात. काही मुले आधी एका बाजूची अठरा मोजतात, मग दुसऱ्या बाजूची सत्तावीस, आणि दोन्ही मिळवून पंचेचाळीसवर येतात. बसमध्ये मधून वाट असली म्हणून आसनांची संख्या बदलत नाही, हे कोणत्याही मुलाला पटवून द्यावे लागत नाही. त्याच्या डोळ्यांना ते दिसते. वितरणाचा नियम एवढेच सांगतो. फळ्यावर ९ × (२ + ३) = ९ × २ + ९ × ३ असे लिहिण्याची वेळ यानंतर येते, आणि तोवर त्या लेखनात नवे असे काही उरलेले नसते.

वर्गातील क्रमही असाच ठेवावा लागतो. दुसरीत चिंचोके किंवा खडे ओळीत मांडायचे आणि मध्ये पट्टी ठेवून त्यांचे दोन भाग करायचे. पट्टी कोठेही सरकवली तरी एकूण चिंचोके तेवढेच, हे मुलांनी वारंवार मोजून पाहायचे. तिसरीत चौकटीच्या वहीवर सात आडव्या आणि आठ उभ्या चौकटींचा आयत आखायचा, तो मनाला येईल तेथे दुमडायचा आणि दोन्ही भागांतील चौकटी वेगवेगळ्या मोजायच्या. एकाने पाच-तीन असे दुमडलेले असते, दुसऱ्याने चार-चार, तिसऱ्याने सहा-दोन. सर्वांची उत्तरे सारखी येतात. मग शिक्षिकेने एवढेच विचारायचे, की यांतली कोणती घडी सर्वांत सोपी? या प्रश्नावर वर्गात होणारी चर्चा ऐकण्यासारखी असते. चार-चारच्या बाजूने बोलणारी मुले म्हणतात की एकच गुणाकार करून त्याची दुप्पट करायची. पाच-तीनवाली मुले पाचचा पाढा कधीच चुकत नाही असे सांगतात. दोघांचेही म्हणणे रास्त असते. चौथीत चौकटी मोजणे थांबते, नुसता रिकामा आयत काढून त्याच्या बाजूंवर संख्या लिहिल्या जातात. कंस आणि चिन्हे सर्वांत शेवटी.

या क्रमाला वेळ लागतो. घाईच्या पालकांना वाटते की शाळेत गणिताच्या तासाला चिंचोक्यांचा खेळ चालतो आणि शेजारच्या मुलाची दोन अंकी गुणाकाराची पाने भरली. ही काळजी समजण्यासारखी आहे. पण त्या भरलेल्या पानांत काय घडते, तेही एकदा पाहिले पाहिजे.

छत्तीस गुणिले चोवीस हे उदाहरण सभागृहातील प्रत्येकाने उभ्या मांडणीत सोडवलेले आहे. आधी चारने गुणायचे, १४४. मग खालच्या ओळीत एकं स्थानी फुली किंवा शून्य मांडायचे आणि दोनने गुणायचे, ७२०. बेरीज ८६४. ती फुली का मांडायची, हा प्रश्न मात्र फार थोड्यांनी विचारला असेल, आणि विचारलाच असेल तर “तशी पद्धत आहे” हे उत्तर मिळाले असेल. खरे कारण असे, की दुसऱ्या ओळीतील गुणक दोन नसून वीस आहे. चोवीसचे वीस आणि चार असे दोन भाग करून छत्तीसला दोन्हींनी गुणले आणि दोन्ही गुणाकार मिळवले. उभी मांडणी म्हणजे वितरणाचा नियमच, फक्त कागद वाचवून लिहिलेला. ज्या मुलाला हे कळले, त्याला फुली विसरण्याची भीती राहत नाही, कारण ७२ लिहिले गेले तरी ‘वीस वेळा छत्तीस म्हणजे बहात्तर कसे?’ असा संशय त्याला स्वतःलाच येतो. ज्याला हे कळले नाही, तो फुली विसरला की चुकतो आणि चूक त्याला दिसत नाही. ती तपासण्यासाठी त्याला दुसऱ्याची वही किंवा शिक्षिकेचे लाल पेन लागते.

नियम उमगला नाही तर चुका कशा होतात, याचे दोन नमुने येथे सांगितले पाहिजेत, कारण त्या चुका घराघरात होतात.

पहिला नमुना असा: ७ × (४ + २) हे उदाहरण मूल २८ + २ = ३० असे सोडवते. सातने चारला गुणले, दोनला विसरले. अशा वेळी पंगतीची आठवण करून द्यावी. सात पाने मांडली आहेत, प्रत्येक पानावर चार पुऱ्या आणि दोन जिलब्या वाढायच्या आहेत. पुऱ्या सातही पानांवर वाढल्या, जिलब्या मात्र पहिल्याच पानावर वाढून वाढपी निघून गेला. सहा माणसे जिलबीविना राहिली, म्हणजे बारा जिलब्या कमी पडल्या. खरे उत्तर बेचाळीस, मुलाचे तीस, फरक नेमका बाराचा. वितरण या शब्दाचा अर्थच वाटप. प्रत्येक पदार्थ घेऊन वाढप्याने प्रत्येक पानापाशी गेलेच पाहिजे. हे चित्र एकदा डोळ्यांपुढे आले की कंसातील दुसरी संख्या सहसा विसरली जात नाही.

दुसरा नमुना अधिक फसवा आहे. छत्तीस गुणिले चोवीससाठी मूल तीसला वीसने गुणते, सहाला चारने गुणते आणि ६०० + २४ = ६२४ लिहून मोकळे होते. दिसायला सर्व भाग वापरले गेलेले असतात. उत्तर मात्र २४० ने कमी असते. येथे रिकामा आयत उपयोगी पडतो. आडव्या बाजूचे तीस आणि सहा, उभ्या बाजूचे वीस आणि चार असे भाग पाडले की आयताच्या चार खोल्या होतात: सहाशे, एकशे वीस, एकशे वीस आणि चोवीस. मुलाने समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोनच खोल्या मोजल्या. उरलेल्या दोन खोल्यांचे मिळून दोनशे चाळीस. चार खोल्यांची बेरीज ८६४.

ही चूक चौथीतच दुरुस्त झाली नाही, तर ती मुलासोबत वरच्या वर्गात जाते. आठवी-नववीत ‘अ अधिक ब’ या बेरजेचा वर्ग करताना अ चा वर्ग आणि ब चा वर्ग एवढेच लिहून दोन अब सोडून देणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतात. त्या सोडलेल्या दोन अब म्हणजे चौथीत न मोजलेल्या त्याच दोन खोल्या. बीजगणित कठीण जाते अशी तक्रार करणाऱ्या नववीच्या विद्यार्थ्याला पुष्कळदा बीजगणित अडवत नसते, चौथीतला आयत अडवत असतो.

नियमाला मर्यादाही आहेत आणि त्या मुलांपासून लपवू नयेत. चौऱ्याऐंशी भागिले सात करताना चौऱ्याऐंशीचे सत्तर आणि चौदा असे भाग करता येतात. दहा आणि दोन मिळून बारा, हे उत्तर बरोबर. पण सातचे तीन आणि चार असे भाग करून चौऱ्याऐंशीला वेगवेगळे भागले, तर अठ्ठावीस आणि एकवीस मिळून एकोणपन्नास येतात, आणि ते साफ चुकीचे. खाऊ दोन टोपल्यांत विभागला तरी वाटणी बदलत नाही; पण सात मुलांऐवजी आधी तीन मुलांत सगळा खाऊ वाटला, तर चौघांसाठी पुन्हा तितकाच खाऊ कोठून आणणार? नियम कोठे चालतो आणि कोठे चालत नाही, हे तपासण्याची सवय लागणे हा गणित शिकण्याचा मोठा लाभ आहे.

हा विचार पाश्चात्त्य पुस्तकांतून अलीकडे आलेला नाही, हेही मुलांना सांगण्याजोगे आहे. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त गुणकाचे खंड पाडून गुणाकार करण्याची रीत दिली. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त १३५ ला १२ ने गुणण्याचे एकच उदाहरण घेऊन ते अनेक रीतींनी सोडवून दाखवले. बाराचे आठ आणि चार असे खंड केले, तर १०८० आणि ५४० मिळून १६२०. बाराऐवजी वीसने गुणून २७००, त्यातून आठपट म्हणजे १०८० वजा केले, तरी १६२०. बारा म्हणजे तीन चोक, म्हणून आधी चारने आणि मग तीनने गुणले, तरी १६२०. उत्तर एक, वाटा अनेक. आठशे वर्षांहून अधिक काळापूर्वीच्या त्या ग्रंथात जी शिकवण्याची दृष्टी आहे, ती आजच्या चौथीच्या वर्गातही चालते. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. तेथील शिलालेख इ.स. १२०७ चा आहे. ग्रीक गणितज्ञ युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास हाच नियम आयताच्या क्षेत्रफळाच्या भाषेत सिद्ध केला होता. त्याला ‘वितरण’ या अर्थाचे नाव मात्र फार उशिरा, १८१४ मध्ये, सर्व्हॉय या फ्रेंच गणितज्ञाने दिले. माणसांनी नियम शेकडो वर्षे वापरला, नाव नंतर आले. मुलांनाही त्याच क्रमाने शिकू द्यावे.

घरातील वडीलधाऱ्यांपाशी या नियमाचा आणखी एक ठेवा आहे. आजच्या आजी-आजोबांपैकी काहींनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ केलेली असेल. हे अपूर्णांकांचे पाढे म्हणजे वितरणाची खाणच. सोळाची सवाई म्हणजे सोळा आणि त्याचा चौथा हिस्सा चार, मिळून वीस. सोळाची दिडकी म्हणजे सोळा आणि आठ, चोवीस. औट म्हणजे साडेतीन, म्हणून अठ्ठेचाळीस आणि आठ, छप्पन्न. पाऊणकीत सोळातून चार वजा जातात, उरतात बारा. सुलतान बाजारात एकशे वीस रुपये मीटरचे साडेचार मीटर कापड घेताना दुकानदार चार मीटरचे चारशे ऐंशी आणि अर्ध्याचे साठ, असे पाचशे चाळीस क्षणात सांगतो. तो याच रीतीने चालतो. आजोबांनी नातवासमोर असा हिशेब मोठ्याने बोलत केला, तर त्याहून उत्तम गृहपाठ नाही.

आता मराठी माध्यमाचा आणि या शहराचा विचार. येथे वाढणारे मूल वर्गात ‘सत्तावीस’ म्हणते, रिक्षावाल्याकडून ‘सत्ताईस’ ऐकते आणि भाजीवालीकडून ‘इरवै एडु’ ऐकते. तेलुगूत इरवै म्हणजे वीस आणि एडु म्हणजे सात. वीस आधी, सात नंतर, संख्या जशी लिहायची तशीच बोलायची. मराठीत सात आधी येतात, वीस नंतर, आणि दोन्ही शब्द एकमेकांत मिसळून जातात. त्यामुळे लहान मूल सत्तावीसच्या जागी बहात्तर लिहिते, हा प्रत्येक पहिली-दुसरीच्या वर्गाचा अनुभव आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ संख्यानावांच्या जोडीला ‘वीस सात’ अशी नावे आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. भाषेची हानी होईल असे एका बाजूचे म्हणणे, मुलांना सोपे जाईल असे दुसऱ्या बाजूचे.

तेलुगू मुलखात चालणाऱ्या मराठी शाळेला या वादाकडे थोडे निराळे पाहता येते. ‘इरवै एडु’ ऐकणाऱ्या मुलाला दशक-एककाची फोड शेजारच्या भाषेने आयतीच दिलेली असते. सत्तावीस सक करताना त्याला तो शब्द आठवून द्यावा: वीस सक एकशे वीस, सात सक बेचाळीस, एकशे बासष्ट. शेजाऱ्याच्या भाषेचा असा आधार घेतल्याने ‘सत्तावीस’ या शब्दाला कोठेही बाधा येत नाही.

आणि मराठीनेही मुलाला एक देणगी दिलेली आहे, जी तेलुगूत नाही. एकोणतीस या शब्दात एक आणि ऊन, म्हणजे एक कमी, असा अर्थ दडलेला आहे. एकोणतीस म्हणजे एक कमी तीस. एकोणतीस सक हा गुणाकार तोंडी कठीण वाटतो. पण शब्दाचा अर्थ ओळखला, तर तीस सक एकशे ऐंशी, त्यातून एकदा सहा वजा, एकशे चौऱ्याहत्तर. भास्कराचार्यांनी बाराऐवजी वीसने गुणून आठपट वजा केली, तीच ही रीत. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठ संख्यांच्या नावांतच मराठीने हा उपाय सांगून ठेवला आहे. तेलुगूत हीच संख्या ‘इरवै तोम्मिदि’, म्हणजे वीस नऊ. एक भाषा मिळवण्याची फोड दाखवते, दुसरी वजा करण्याची. दोन्ही भाषा कानावर पडणाऱ्या मुलाला दोन्ही फोडी मिळतात. परप्रांतात मातृभाषेतून शिकणारे मूल मागे पडते, अशी धास्ती अनेक पालकांना वाटते. त्या धास्तीचे सर्व पैलू येथे मांडणे शक्य नाही. पण गुणाकाराच्या या एका कोपऱ्यात तरी त्या मुलाच्या हाती इतरांपेक्षा एक साधन अधिक आहे, एवढे निश्चित म्हणता येते.

पुढे हे मूल इंग्रजी माध्यमात जाईल, तेव्हा नियमाचे नाव बदलेल, आयताच्या चार खोल्या तशाच राहतील. शब्द नव्याने शिकायला काही महिने लागतात. आकलन नव्याने बांधायला वर्षे लागतात आणि कधीकधी ते बांधलेच जात नाही. या सभागृहातील जे माजी विद्यार्थी मराठीतून गणित शिकून आज अभियंते, हिशेबतपासनीस किंवा व्यापारी झाले आहेत, त्यांना याचा दाखला देण्याची गरज नाही.

पालकांकडून शाळेची अपेक्षा मोठी नाही. मुलाने उत्तर सांगितले की “बरोबर” किंवा “चूक” म्हणण्याआधी “हे कसं काढलंस?” एवढे विचारावे. बरोबर उत्तरालाही हा प्रश्न विचारावा, नाहीतर प्रश्न ऐकताच आपले चुकले असे मूल समजते. मूल पाढ्यात अडले तर उत्तर चटकन सांगून टाकू नये. “यातलं कोणतं येतं?” असे विचारून थोडे थांबावे. ते थांबणे पालकांना जड जाते, पण मुलाचे काम त्या शांततेतच चालू असते. मुलाची रीत लांबलचक असली तरी ती पुरी होऊ द्यावी. आखूड रीत त्यालाच पुढे सुचते. घड्याळ लावून पाढे म्हणवून घेण्याची स्पर्धा भावंडांमध्ये लावू नये. ज्या आई-वडिलांचे शिक्षण अर्धवट राहिले, त्यांनी तर संकोच बाळगूच नये. बाजारात, शिलाईकामात, भिशीच्या हिशेबात ते जे तोंडी गणित करतात, ते मुलासमोर बोलून दाखवावे. त्या गणितात हा नियम पुस्तकापेक्षा जिवंत असतो.

शिक्षकांचीही एक जबाबदारी येथे नमूद केली पाहिजे. मुलाने पुस्तकातल्यापेक्षा वेगळ्या रीतीने उत्तर काढले, तर ती रीत आधी समजून घ्यावी, मग गुण द्यावेत. पाच-तीनऐवजी सहा-दोन अशी फोड केली म्हणून पूर्ण गुण न देणे हा नियमाचाच भंग आहे, कारण फोड कोणतीही चालते हेच तर तो नियम सांगतो.

सभागृहाबाहेरच्या टेबलांवर चौथीच्या मुलांच्या गणिताच्या वह्या मांडून ठेवल्या आहेत. त्यांत सुबक उदाहरणे आहेत, तशी खोडलेली पानेही आहेत. पाहुण्यांनी खोडलेल्या पानांपाशी जरा अधिक थांबावे. एका आयतात दोनच खोल्या भरलेल्या दिसतील, खाली चुकीचे उत्तर दिसेल, आणि त्याच्या शेजारी मुलाने स्वतः पुन्हा काढलेला चार खोल्यांचा आयत दिसेल. तेथे शिक्षिकेचे पेन लागलेले नाही. तो दुसरा आयत काढणाऱ्या मुलाला पाढा पुन्हा कधीतरी विसरेल, पण तो गप्प बसणार नाही.